प्रवेशाच्या टेबलावर भूगोलाबद्दल खरं बोला

प्रति,
ग्रामीण विदर्भातल्या महाविद्यालयांचे संस्थाचालक, प्राचार्य आणि प्रवेश समितीतली प्राध्यापक मंडळी

सप्रेम नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की तुमच्या आवारात टेबलं लागतात. झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन पोरं रांगेत, मागे बाप नाहीतर मामा. फॉर्मवर विषयाच्या रकान्याशी पेन अडतं आणि टेबलापलीकडून ठरलेला सल्ला येतो, "भूगोल घे, प्रॅक्टिकलचे मार्क मिळतात." आपल्याकडच्या खेड्यापाड्यांत भूगोलाचे वर्ग भरतात ते बहुतेक याच एका वाक्यावर. मार्क मिळतातही. पण तीन वर्षांनी तेच पोरगं पदवी घेऊन चौकात उभं राहतं तेव्हा आपण नेमकं काय शिकलो, हे त्याला चार ओळींत सांगता येत नाही. या पत्रात मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

मी दारव्हा तालुक्यातली. बी.ए. आणि एम.ए. दोन्ही भूगोलातच केलं. आता नागपुरात एका खाजगी कंपनीत नकाशांचं काम करते. जीआयएस म्हणतात त्याला : जमीन, पाणी, रस्ते, पिकं यांचे थर संगणकावर एकावर एक बसवायचे आणि त्यातून उत्तर काढायचं. मी विषय निवडला तेव्हा आजी म्हणाली होती, "भूगोल घिऊन काय करशीन वं माय, नद्या मोजशीन?" आता खरोखरच मोजते, आणि त्याचा पगार मिळतो.

आधी कोणती दारं बंद आहेत ते सांगते, कारण तेच कोणी सांगत नाही. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापकाची भरती निघाली की भूगोलाची पोरं उड्या मारतात. जमीन मोजायची नोकरी, आपलीच असणार असं त्यांना वाटतं. जाहिरातीत पात्रता असते स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका, नाहीतर दहावी आणि आयटीआयचा दोन वर्षांचा सर्वेअर ट्रेड. एम.ए. भूगोल त्यात कुठेच नाही. हवामान खात्यात वैज्ञानिक सहायक व्हायचं तर भौतिकशास्त्र किंवा संगणकाकडची पदवी, नाहीतर इलेक्ट्रॉनिक्सकडची पदविका लागते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात भूवैज्ञानिक व्हायला भूशास्त्र लागतं. पाठ्यपुस्तकात वारे आणि खडक आपण शिकवतो, नोकरी मात्र दुसऱ्याला. हा नियम बरोबर की चूक यावर भांडता येईल, आणि भूकरमापकाच्या बाबतीत विद्यापीठांनी शासनाशी भांडायलाच हवं असं माझं मत आहे. पण तोवर प्रवेश घेणाऱ्याला हे माहीत असावं. ज्याला मोजणीचंच काम करायचं आहे त्याला सरळ आयटीआयचा रस्ता दाखवा. एक प्रवेश कमी होईल, तुकडी काही लगेच बंद पडणार नाही.

आता उघडी दारं. एमपीएससी, यूपीएससीचं दार सगळ्यांनाच ठाऊक आहे. त्यासाठी कोणतीही पदवी चालते, पण भूगोलवाल्याला सामान्य अध्ययनाचा बराच भाग घरचाच असतो. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, वैकल्पिक विषय आला आणि त्या यादीत भूगोल आहे. ज्याने खरंच भूगोल वाचलाय त्याला याचा फायदा आहे, गाईडवाल्याला नाही. तरीही अर्ज लाखांत आणि जागा शेकड्यांत, हे सांगायला विसरू नका. तालुक्याच्या अभ्यासिकांमध्ये तिशी गाठलेली पोरं बसलेली आहेत. त्यांच्यापैकी अनेकांना टेबलावर फक्त हेच एक दार दाखवलं गेलं होतं.

मास्तरकीचं दार अर्धवट उघडं आहे. बी.एड. करून शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलची वाट पाहायची, नाहीतर सेट-नेट काढून प्राध्यापक व्हायचं. प्राध्यापकीच्या कायम जागा किती निघतात हे तुमच्याइतकं कोणाला माहीत? तासिका तत्त्वावर राबणारे सर-मॅडम तुमच्याच स्टाफरूममध्ये बसलेले आहेत. त्यांचं मानधन महिनोन् महिने अडकतं, आणि भूगोलाचं प्रॅक्टिकल बहुधा तेच घेतात.

याच्या पलीकडची दारं कमी लोकांना माहीत आहेत. जनगणना कार्यालयाचा स्वतःचा नकाशा विभाग आहे आणि तिथल्या काही पदांना भूगोलाचीच पदव्युत्तर पदवी मागतात. २०११ नंतरची जनगणना आता होते आहे आणि तिचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. कोलकात्याला १९५६ पासून राष्ट्रीय ॲटलास तयार करणारी नॅटमो ही केंद्राची संस्था आहे. मुंबईत देवनारला आयआयपीएस आहे, तिथे लोकसंख्येचा अभ्यास करता येतो आणि भूगोलाची मुलं तिथे जातात. नगरनियोजनाच्या एम.प्लॅनला बऱ्याच संस्थांत भूगोलाचं एम.ए. चालतं. २०२२ पासून एम.टेक.च्या प्रवेशाच्या गेट परीक्षेत जिओमॅटिक्सचा, म्हणजे जमीन मोजण्याच्या आणि नकाशाच्या शास्त्राचा, स्वतंत्र पेपर आहे. ड्रोन उडवायचा परवाना काढायला तर दहावी पास आणि वय १८ पूर्ण एवढंच लागतं, वर मान्यताप्राप्त केंद्राचं प्रशिक्षण. त्या परवान्याला भूगोलाची जोड असली की माणूस नुसता उडवणारा राहत नाही, आलेल्या चित्रातून नकाशाही काढू शकतो.

आणि नागपूर! गावातून एसटीत बसलं की दुपारच्या जेवणाला पोचतो आपण, पण तिथे काय काय आहे हे आपल्या पोरांना ठाऊकच नसतं. इस्रोचं प्रादेशिक सुदूर संवेदन केंद्र तिथे आहे. राज्याचं सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, ज्याला आम्ही एमआरसॅक म्हणतो, तेही तिथेच. देशभरातल्या मातीचं सर्वेक्षण करणाऱ्या राष्ट्रीय ब्युरोचं मुख्यालय नागपूरला. भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालयही नागपूरला. यातल्या बऱ्याच जागा प्रकल्पापुरत्या, कंत्राटी असतात. त्यांना सरकारी नोकरी समजून लग्नाच्या बायोडाटावर टाकू नये. पण दोन वर्षं तिथे काम केलेल्याला पुढे कोणी "अनुभव काय" असं विचारत नाही.

खाजगीचं म्हणाल तर फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने नकाशे आणि भूस्थानिक माहितीवरची बंधनं सैल केली, २०२२ च्या डिसेंबरात राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आलं. त्याआधी एप्रिल २०२० मध्ये स्वामित्व योजना सुरू झाली होती. गावठाणांवरून ड्रोन फिरले, घरांच्या हद्दी उमटल्या, मालमत्ता पत्रकं तयार व्हायला लागली. ड्रोन दहा-पंधरा मिनिटांत गाव टिपतो. पण कोणाची भिंत कुठे संपते, ओटा कोणाचा, बोळ सार्वजनिक की खाजगी, हे पडद्यावर बसून एकेक रेघ ओढत कोणाला तरी ठरवावं लागतं. गावात वाढलेल्या पोराला छपराच्या सावलीवरून गोठा ओळखता येतो, शहरातल्या पोराला ते घर वाटतं. सुरुवातीचा पगार ऐकून घरचे नाक मुरडतात, तेही खरंच आहे. दोन-तीन वर्षांत पायथॉन ही संगणकाची भाषा आणि डेटाबेस शिकला तो पुढे गेला. जो नुसता रेघा ओढत राहिला तो तिथेच राहिला.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट जरा बारकाईने सांगते, म्हणजे वर्गात काय राहून जातं ते कळेल. जगाचे नकाशे मीटरमध्ये मोजता यावेत म्हणून पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे केलेत, त्याला यूटीएम म्हणतात. एक पट्टा ७२ ते ७८ पूर्व रेखांश, त्याचा क्रमांक ४३. पुढचा ७८ ते ८४, क्रमांक ४४. आता ७८ अंशाची रेघ कुठून जाते बघा : बरोबर आपल्या अंगणातून. अमरावती शहर, अकोला, बुलढाणा ४३ मध्ये. वर्धा, नागपूर, चंद्रपूर ४४ मध्ये. यवतमाळ जिल्ह्याचे तर दोन तुकडे होतात. पुसद, दिग्रस, दारव्हा अलीकडे, यवतमाळ शहर आणि वणी पलीकडे. आमच्या दारव्ह्याकडच्या शेताचे ४३ मधले आकडे चुकून ४४ चे म्हणून टाकले की ते शेत सहाशेहून जास्त किलोमीटर पूर्वेला सरकून थेट ओडिशात जाऊन पडतं. नव्या पोरांच्या बाबतीत हे आठवड्याला एकदा तरी होतंच. प्रक्षेपाचं, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायचं, प्रकरण आपण सगळेच शिकलोय, ड्रॉइंग शीटवर दंडगोलाकृती आणि शंकू काढलेत, रोटरिंगच्या पेनाने गिरवलेत. ही रेघ आपल्या जिल्ह्यातून जाते हे मात्र मला कोणत्याही वर्गात कोणी सांगितलं नाही. सर्वे ऑफ इंडियाच्या टोपोशीटचं, म्हणजे डोंगर-नद्या-गावं दाखवणाऱ्या तपशीलवार नकाशांचंही तेच. अमरावती ५५ एच वर, यवतमाळ-वर्धा ५५ एल वर, नागपूर ५५ ओ वर, आणि परीक्षेला येते ती कुठल्या तरी डोंगराळ भागाची कोपरे झिजलेली एकच शीट, वर्षानुवर्षे तीच. तिच्यावरच्या प्रश्नांची उत्तरं मागच्या वर्षीच्या जर्नलमध्ये तयार असतात.

जर्नलचा विषय निघालाच आहे तर. आमच्या महाविद्यालयात कपाटात स्टिरिओस्कोप होते, प्लेन टेबल होतं, प्रिझमॅटिक कंपास होते. कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली कार्यालयात. तपासणी समिती आली की ती बाहेर यायची. बाकी वेळी आम्ही सर्वेक्षण "केलं" ते फळ्यावरचे आकडे उतरवून. बाहेरचे परीक्षक आले, चहा झाला, व्हायवात "समोच्च रेषा म्हणजे काय" विचारलं, सगळ्यांना चाळिसापैकी पस्तीस-छत्तीस. हे महाविद्यालय कोणतं ते लिहीत नाही, कारण तुमच्यापैकी निम्म्यांना ते आपलंच वाटेल.

सहलीही तशाच. लोणारला गेलो आम्ही. गोमुखापाशी फोटो, दैत्यसूदन मंदिर, पोहे, परत. अहवाल मागच्या बॅचचा. आता मला वाटतं, त्या काठावर उभं करून सरांनी फक्त दोन प्रश्न विचारायला हवे होते. सपाट बेसाल्टच्या माळावर या खड्ड्याचीच कड आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच कशी? आणि काठावर धारेचं पाणी गोडं, तर खालच्या तळ्याचं खारं का? पहिल्याचं उत्तर शोधत गेलं की उल्कापात आणि बाहेर फेकला गेलेला मलबा समोर येतो, दुसऱ्याचं शोधत गेलं की पाणी आत येतं पण बाहेर जायला वाट नाही हे दिसतं. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं एवढं मोठं विवर, २०२० पासून जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीतलं, आपल्याच बुलढाण्यात, आणि आपण तिथे पोहे खाऊन येतो.

खरं तर लांब जायचीही गरज नाही. विदर्भाच्या शेतकऱ्याचे अर्धे प्रश्न भूगोलाचे प्रश्न आहेत. अतिवृष्टीची मदत घ्या. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी. हा पाऊस मोजतात महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकावर. मंडळात गावं कितीतरी. ढग फुटला माथ्यावरच्या दोन गावांत, नाला फुगून पायथ्याच्या तिसऱ्या गावाची कपाशी खरडून गेली, आणि मंडळाच्या यंत्रात पाऊस भरला पन्नास. मग तलाठ्यापुढे भांडण. आता तुमच्या द्वितीय वर्षाच्या पंधरा पोरांनी प्रत्येकी एका गावात साधं पर्जन्यमापक लावलं आणि पावसाळाभर रोज सकाळी आकडा लिहिला, तर पाऊस कुठे पडतो आणि मोजला कुठे जातो यातला फरक नकाशावर दिसेल. तो नकाशा ग्रामसभेत ठेवता येतो. कोणत्याही गाईडमध्ये तो मिळत नाही.

पूर्णेच्या खोऱ्यातल्या महाविद्यालयांना तर मी म्हणेन, तुमचा अभ्यासक्रम दारातच पडलाय. खारपाणपट्टा. अमरावती, अकोला, बुलढाण्याच्या मधोमध गाळाची खोल काळी जमीन, बघायला दृष्ट लागेल अशी, आणि विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. ते पाणी जमिनीला दिलं की सोडियममुळे माती चिवट होते, निचरा बंद होतो. म्हणून तिकडचा शेतकरी ओलीवर हरभरा घेतो आणि पावसाचं पाणी शेततळ्यात धरून ठेवतो. थोडं उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा पट्टा आहे, तिथे पाणी मुरतं आणि गोडं राहतं. एवढ्याशा अंतरात दोन वेगळी जगं. तुमच्या वर्गात दोन्हीकडची पोरं एका बाकावर बसतात. त्यांना आपापल्या विहिरीच्या पाण्याची क्षारता मोजायला लावली आणि ते आकडे नकाशावर टाकले, की भूजलाचं प्रकरण झालं शिकवून. अमरावतीकरांनी आणखी एक करावं : शहरातला पाऊस पेढी, पूर्णा, तापी असा अरबी समुद्राला जातो आणि चांदूर रेल्वेकडचा वर्धेतून बंगालच्या उपसागराला. ही जलविभाजक रेघ जिल्ह्यात नेमकी कुठून जाते ते पोरांना चालत जाऊन शोधू द्या.

पूर्वेकडच्यांना वेगळं खाद्य आहे. भंडारा-गोंदियाकडचे मामा (माजी मालगुजारी) तलाव, धानाच्या बांध्या, गडचिरोलीतले सामूहिक वनहक्क. मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये तो हक्क मिळवला. त्यानंतर कितीतरी ग्रामसभांना आपल्या जंगलाच्या हद्दी जीपीएसने मोजून, व्यवस्थापनाचा आराखडा करून हवा असतो. ते करायला बाहेरचा सल्लागार येतो, कारण गावातल्या भूगोलाच्या पदवीधराला जीपीएसचा आकडा नकाशावर टाकता येत नाही. या गोष्टीचा मला राग येतो, लपवत नाही.

यासाठी पैसा किती लागतो? फार नाही. क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. इस्रोचं भुवन हे नकाशांचं संकेतस्थळ फुकट आहे. युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांची १० मीटर तपशिलाची चित्रं साधारण पाच दिवसांनी नवी मिळतात, तीही फुकट. त्यात तुमच्या गावची कपाशी आणि तूर हिरवी होताना आणि सुकताना दिसते. डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था २००७ पासून दूरस्थ अभ्यासक्रम चालवते, विनाशुल्क. महाविद्यालयाने तिथे केंद्र म्हणून नोंदणी केली की पोरांना घरबसल्या शिकता येतं, प्रमाणपत्र मिळतं. त्यासाठी एक जबाबदार प्राध्यापक आणि बऱ्यापैकी इंटरनेट एवढंच लागतं. संगणक तुमच्याकडे आहेतच. ते वाणिज्यच्या किंवा संगणकशास्त्राच्या नावावर आहेत आणि कला शाखेच्या पोरांना तिथे शिरू देत नाहीत, एवढीच अडचण.

नव्या शैक्षणिक धोरणाने फील्ड प्रोजेक्ट आणि ऑन जॉब ट्रेनिंगला क्रेडिट दिलं. बाकी विषयांची यात पंचाईत झाली आहे, खेड्यात नोकरीचं प्रशिक्षण द्यायचं कुठे? पोरं ओळखीच्या किराणा दुकानाचा शिक्का मारून आणतात. भूगोलाला मात्र जागाच जागा आहे. ई-पीक पाहणीच्या हंगामात तलाठ्यासोबत, कृषी सहायकासोबत पोकरा या राज्याच्या शेती प्रकल्पाच्या गावांत, पाणलोटाच्या कामावर, वनविभागात, नगरपंचायतीच्या मालमत्ता सर्वेक्षणात. त्यासाठी प्राचार्यांनी तहसीलदारांना आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांना जूनच्या आधी पत्रं द्यायला हवीत. ऐन परीक्षेच्या तोंडावर दिली तर किराणा दुकानच उरतं.

पोरींबद्दल एक वेगळं लिहायचं आहे. भूगोलाच्या वर्गात मुली भरपूर असतात, फील्डवर कमी. घरून पाठवत नाहीत असं सांगून विषय संपवला जातो. घरच्यांना काय हवं असतं? सोबत मॅडम आहेत का, परत किती वाजता, आणि गाडी गावापर्यंत सोडेल का. या तीन गोष्टी लेटरहेडवर लिहून पाठवल्या की बहुतेक बाप हो म्हणतात. माझ्या वडिलांनी म्हटलं होतं. कामाच्या ठिकाणी मात्र अजूनही फील्डला मुलगे आणि पडद्यावर मुली अशीच वाटणी असते, आणि फील्डवाल्याचा पगार आधी वाढतो. कंपास धरायची सवय तुमच्याकडे लागली नाही तर ही वाटणी कायमची होते.

मला ठाऊक आहे, यातलं काही करायचं तर ते करणारा माणूस हवा आणि तो बहुधा तासिका तत्त्वावरचाच असणार. त्याला वर्गातल्या तासांवर पैसे मिळतात, शिवारात पोरांना फिरवण्याचे मिळत नाहीत. भरती शासनाच्या हातात आहे हे मान्य, पण फील्डचे तास धरून मानधनाचं बिल काढणं, प्रवासखर्च देणं हे तुमच्या हातात आहे. गॅदरिंगच्या मंडपावर जेवढं जातं त्याच्या थोड्या भागात वर्षभराचं फील्डवर्क होतं. मी हिशेब मांडायला तयार आहे, कोणत्याही संस्थेच्या बैठकीत येऊन.

तेव्हा येत्या प्रवेशांच्या आधी एवढं करा. टेबलाजवळ एक पान चिकटवा : भूगोलाच्या पदवीवर कोणत्या पदांना अर्ज करता येतो, कोणत्या नाही, आणि पदवीसोबत आणखी काय शिकावं लागेल. जाहिराती बघून दरवर्षी ते पान सुधारत राहा. मजकूर मी तयार करून देते, मराठीत, एका पानात मावेल असा. आणि शनिवारी दुपारी संगणकाची खोली भूगोल विभागाला द्या. सुरुवातीला तीन तास पुरतील. नागपूर, वर्धा, यवतमाळ, अमरावतीत नकाशाचं काम करणारी आमची बरीच जुनी पोरं-पोरी आहेत, आळीपाळीने येऊन शिकवू. एसटीचं भाडं आमचं आम्ही पाहू. खोलीची किल्ली मात्र विभागातल्या सर-मॅडमकडे असू द्या.

आपली,
भूगोलाची एक माजी विद्यार्थिनी
दारव्हा, सध्या मुक्काम नागपूर